अकरावं पान

हेलिकॉप्टरनं खोकं उतरवलं तेव्हा वारा होता,
वरच्या तीन पुस्तकांचे कोपरे भिजले.
ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या आमच्या गावात
माणसं बासष्ट, कुत्री त्याहून जास्त,
आणि माझ्या वर्गात मुलं सात.

बुधवारी भूगोल.
भिंतीवर नकाशा आहे,
पण आमचं गाव त्यावर नेमकं
खिळ्याखाली गेलंय.

म्हणून मी गोष्टीचं पुस्तक उघडलं.
एक खार आजीकडे निघालीये,
पाठीवर अक्रोडांची पिशवी.
चौथ्या पानावर जंगल, सहाव्यावर पवनचक्की,
आठव्यावर गहू, पिवळाधमक,
पानाच्या कडेवरून सांडणारा.

"बाई, खार म्हणजे काय?"
कोल्ह्याची शेपूट लावलेली एक मूठ, मी म्हटलं.
"आणि जंगल?"
इथे मी अडले.
आमचं सगळ्यात उंच झाड
माझ्या घोट्याला लागतं,
त्यावर पाय देऊन आम्ही पुढे जातो.

"भरतीच्या वेळी शेवाळ उभं राहतं, तसं?"
पिलुन्ग्वाकनं विचारलं, "पण पाण्याशिवाय?"
हो. पाण्याशिवाय. आणि डोक्यावरून वारा.
मग ती तासभर बोलली नाही.
हे न बोलणं
मी हजेरीपटात कुठल्या रकान्यात लिहू?

सोर्सानं सूर्य पकडला.
सकाळच्या चित्रात ऊन खारीच्या उजव्या गालावर,
संध्याकाळच्या चित्रात डाव्या.
मुलं बाकांवर उभी राहिली,
हात पसरून, गाल फिरवून पाहू लागली,
आणि एकदमच ओरडली,
"उत्तरेला! बाई, ती आपल्याकडे येतेय!"

दहाव्या पानावर नदी. काठावर खार.
अकरावं पान नाही.
कुणी फाडलं, कधी, कुठल्या देशात, कोण जाणे.
शिवणीत फक्त एक पांढरी कड उरलीये.
बाराव्यावर खार पलीकडे,
शेपूट ओली, पिशवी गायब.

कशी गेली?
नदी गोठली असेल, सोर्सा म्हणाला.
कुणी म्हणालं कयाकमधून,
कुणी म्हणालं सीलच्या पाठीवर बसून,
आणि त्यावरून मारामारी झाली,
ती मी सोडवली.
हान्सेराक खिडकीबाहेर बघत होता. नेहमीसारखा.

पुढच्या बुधवारी तो उशिरा आला,
घरंगळत, घासत, दोरीनं ओढत
एक ओंडका घेऊन.
आजोबांच्या शेडमधला. समुद्रानं आणून टाकलेला.
आजोबा म्हणतात, हे सैबेरियात नदीत पडतं,
बर्फात अडकतं,
बर्फाबरोबर जगाच्या डोक्यावरून फिरत
काही वर्षांनी आपल्याकडे लागतं.

हे मला ठाऊक होतं.
परीक्षेला आलं होतं, पाच गुणांना,
मी निळे बाण काढले होते, नीट, पट्टीनं.
हात मात्र कधी लावला नव्हता.

"हा पूल," हान्सेराक म्हणाला.
(वर्षभरातलं त्याचं सर्वांत लांब भाषण.)
"खार यावरून गेली. मग हा सुटला,
वाहत वाहत इथे आला.
म्हणून पुस्तकात ते पान नाही.
ते इकडे आलंय."

कोणी हसलं नाही.
आम्ही जमिनीवर बसून वर्तुळं मोजली,
दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा एकशे चौदा भरली.
पिलुन्ग्वाकनं नाक टेकवलं,
म्हणाली, वर मीठ आहे,
खाली आणखी काहीतरी आहे.
त्या काहीतरीला नाव होतं, मला येत होतं,
मी सांगितलं नाही.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा.
सातही जण किनाऱ्यावर,
टोप्या कानाखाली ओढून, वाकून,
हिमखंडांच्या चुऱ्यात, दगडांच्या फटीत
अक्रोडांची पिशवी शोधत होते.

घंटेची वेळ होऊन गेली.
मी बोलवायला म्हणून खाली उतरले,
आणि जाता जाता
दोन दगड उलटून पाहिले.